नोमूचं घर

चीदूने ओढ्यापासून कुकारा दिला नाही, तेव्हाच तोलेला कळायला हवं होतं.

म्वेक्लो गावात शेताकडे येणारा माणूस ओढा ओलांडतानाच आवाज देतो. वरच्याने उलट आवाज दिला की मग चढायचं. म्हणजे कुणी दचकत नाही आणि रानडुक्कर समजून कुणी दगड भिरकावत नाही. चीदू तर तोलेच्या बायकोचा, नोमूचा धाकटा भाऊ, जिभेला हाड नसलेला. अर्ध्या चढापासूनच त्याचं सुरू व्हायचं, की दाजी, पाखरं तुम्हाला घाबरतात का तुम्ही पाखरांना. त्या दिवशी तो मुकाट वर आला, माळ्याच्या सावलीत बसला आणि विझलेली चिलीम तोंडात धरून राहिला.

भात पिकत आलं होतं. तोले माळ्यावरून दोरी ओढत होता. दोरीच्या पलीकडच्या टोकाला, उतारावर, चिरलेले बांबू बांधले होते. दोरी ओढली की ते एकमेकांवर आपटायचे आणि पाखरांचा थवा उठायचा.

"पोवाचा फोन आला होता," चीदू म्हणाला. "टेकडीवर गेलो होतो. तिथं लागतो ना."

पोवा तोलेची एकुलती लेक. आईला घेऊन ती खाली सपाटीवरच्या दवाखान्यात गेली होती.

"काय म्हणते?"

"उद्या घेऊन येताहेत."

"बरी झाली म्हणायची," तोले म्हणाला.

चीदूने चिलीम तोंडातून काढली आणि परत घातली. तोलेने दोरी ओढली. पाखरं उठली, जरा फिरली, खालच्या अंगाला बसली. त्याने परत ओढली, मग परत. शेतात एकही पाखरू उरलं नाही तरी तो ओढतच होता. शेवटी चीदूने उठून त्याच्या हातातून दोरी सोडवून घेतली.

दुसऱ्या दिवशी नोमू आली ती पिकअप गाडीच्या मागच्या हौद्यात, चटईत गुंडाळलेली. पोवा शेजारी बसली होती आणि खड्डा आला की आईच्या डोक्याखाली हात धरत होती. गावाच्या तोंडाशी हीखो थांबला होता. हीखो म्हणजे गावातला सगळ्यात वयस्क माणूस, पूजेअर्चेचा मान त्याच्याकडे. त्याचं म्हणणं, जीव परक्या ठिकाणी गेलाय, वाटेत वळणं किती, आत्मा कुठल्या वळणावर मागे राहिलाय कुणास ठाऊक. म्हणून त्याने टोपलीत भात आणि उकडलेलं अंडं ठेवलं आणि खांबांवर उभ्या घराच्या शिडीवर काठीने ठोकत तिला आधी घरी बोलावून घेतलं. घरी आल्याशिवाय घरून निघता येत नाही.

मग तिला वाट समजावून दिली. मेलेल्यांच्या मुलखात सगळं उलटं असतं. झाडांची मुळं वर आणि शेंडे खाली, ओढे डोंगर चढतात, आपला दिवस म्हणजे त्यांची रात्र. गावातल्या पोरापोरींनी तिच्याभोवती फिरत फिरत हे सगळं गाण्यातून सांगितलं. तोले भिंतीला टेकून ऐकत होता. ती मुळं आणि शेंडे यांत कधी चुकायची नाही, ह्यांना कशाला सांगावं लागतंय, असं त्याला वाटत राहिलं.

पोवाने दवाखान्यातलं सांगितलं. आई शेवटपर्यंत शुद्धीवर होती. खिडकीतून एकही झाड दिसत नाही, एवढीच तिची तक्रार. आदल्या दिवशी तिने लेकीला विचारलं होतं, "मी इथं गेले तर ही एवढी तीन मजली इमारत उतरवतील का गं माझ्यासाठी? डॉक्टर बिचारे कुठं जातील?"

बसलेल्या बाया तोंडावर हात धरून हसल्या. तोलेही हसला, आणि हसता हसता त्याला उठून मागच्या ओट्यावर जावं लागलं.

म्वेक्लोत घर बाईचं असतं. पुरुष लग्न करून तिच्या घरी येतो, खांब तोडतो, गवत शाकारतो, पण घर तिचं. तिच्या आईआज्यांचे पितर त्या घरात जेवतात. बाई गेली की घर उतरवायचं. नाही उतरवलं तर आपण गेलो हेच तिला कळत नाही. ती शिडीपर्यंत येत राहते.

नोमूला रानात नेऊन ठेवलं. परत येताना प्रत्येकाने टोकाला आकड्यासारखी वळलेली एकेक डहाळी तोडली. मेलेल्याच्या मागे जिवंतांचा आत्मा लागू नये म्हणून ती डहाळी जमिनीवरून ओढत यायचं, आणि येताना स्वतःच्या आत्म्याला ठरलेली साद घालायची, की प्रू, ये, घरी ये, भात शिजलाय. पुढे हीखो, मागे सगळे. मागून ओढीत आणलेल्या डहाळ्यांचा पाचोळ्यात खरखर आवाज येत होता. तोलेही हाक मारत होता. "प्रू, ये," तो म्हणाला, "घरी ये." आणि मग त्याच्या तोंडून निघालं, "नोमू, ये."

पुढे चालणारा हीखो क्षणभर थांबला. मागे मात्र वळला नाही.

*

आधीच्या काळी घर उतरवायला अर्धा दिवस पुरायचा. बांबूचंच असायचं. संध्याकाळपर्यंत पुरुषमाणसं रानातून नवे बांबू आणायची आणि लेकीच्या घराजवळ म्हाताऱ्याला एक खोपटं बांधून द्यायची. आता रान राखीव झालं होतं. खाली रस्त्याच्या तोंडाशी सरकारी फलक होता, त्यावर धनेश, गवा, गिबन वानर सगळे रंगवलेले. नोमू तो फलक बघून म्हणाली होती की आपल्यापर्यंत येताना बिचाऱ्यांचा रंग संपला असेल. जुनी घरं होती तेवढी मोजून प्रत्येकावर पत्र्याचा आकडा ठोकला होता. ती राहू द्यायची, पण नवीन बांधायचं नाही आणि खांब तोडायचा नाही. जे घर पडलं त्याची जागा रानाची.

चीदूची मावशी गेली तेव्हा तिचं घर रीतीप्रमाणे उतरवलं होतं. पुढच्या पावसाळ्यात तिथे वनखात्याच्या खुंट्या ठोकल्या गेल्या आणि रोपं लागली. त्यानंतर ज्या बाया गेल्या त्यांच्या घरांची नुसती छपराची एक पट्टी काढली आणि त्यांना सांगितलं की बाई, हेच उतरवलं असं समज. समजल्या असतील किंवा नसतील.

बारावं-तेरावं असं काही त्यांच्यात नसतं, पण लोक येऊन बसायचे. मुखिया येऊन बसला. तो चाळिशीचा, कागदपत्र कळणारा माणूस. त्याने तोलेला सांगितलं की रीत मलाही कळते, पण घरं कमी होत होत एक दिवस खालचे साहेब म्हणतील, हे गाव कसलं, ह्यांना उठवा. तेव्हा पट्टी काढा, बाकी राहू द्या. वनरक्षकही येऊन गेला, ताऊन नावाचा, सपाटीवरचा मुलगा. तो शिडीच्या खालच्या पायरीवर बसला, पोवाने दिलेली काकडी खाल्ली आणि म्हणाला, "कायदा माझा नाही, काका. पण घर पाडलंत तर मला जागा रानाला लिहून द्यावी लागेल."

तोलेने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि मान डोलावली. गावासाठी तेवढं करायला हवं, असं तो म्हणाला. चीदूने वर चढून छपराची एक पट्टी काढली. त्या फटीतून सकाळी उन्हाची एक रेघ आत यायची आणि नोमूच्या विणायच्या मागाच्या खुंटीवरून सरकत दाराशी जायची.

मनातून तोलेला हायसं वाटलं होतं. एवढं की त्याची त्यालाच भीती वाटली.

भात कापलं, झोडलं, घरी आणलं. गावातल्या बाकीच्यांचं शेत तिथे संपलं, तोले मात्र रोज वर जात राहिला. डोंगरउतारावर पेरणी करताना पुरुष पुढे चालतो, लांब काठीने जमिनीत भोकं पाडत. बाई मागून येते आणि भोकात बी टाकते. भाताच्या बियाण्यात तिने काय काय मिसळलंय ते तिचं तिलाच माहीत असतं. तीळ, मिरची, काकडी, झेंडू, वाल, दुध्या, कोंबड्याचं फूल. सगळी वर्षं तोले पुढे आणि नोमू मागे. तिने कुठे काय टाकलं हे त्याने कधी वळून पाहिलं नव्हतं. वळून पाहिलं तर काठीची ओळ वाकडी जाते आणि मागची बाई ओरडते.

आता भात निघून गेल्यावर ते दिसायला लागलं. कापलेल्या खुंटांमधून वालाचा वेल जळक्या बुंध्यावर चढला होता. खडकाच्या आडोशाला, जिथे त्याने पेरणीच्या दिवशी बसून चिलीम ओढली होती, तिथे मिरचीची झुडपं होती, म्हणजे तो बसला होता तेव्हाही ती काम करत होती. उताराच्या अगदी टोकाला, जिथे शेत संपून मागच्या वर्षी सोडलेलं रान सुरू होतं, तिथे लाल कोंबड्याची फुलं उभी होती. ती खायची नसतात आणि विकायचीही नसतात. नुसती तिला आवडायची. पलीकडच्या रानात गिबन ओरडत होते. तोले त्या फुलांपाशी बराच वेळ बसला.

दिवस मावळताना घरी आला की तो तिला सांगायचा. चुलीपाशी बसून, भिंतीकडे बघत, साध्या आवाजात. आज दुध्या सापडला, पण साळिंदराने अर्धा खाल्लाय. वाल जून झालाय, बी धरू का खाऊ. तिने उत्तर द्यावं असं त्याला वाटत नव्हतं. तिने ऐकावं एवढंच वाटायचं, आणि खरं सांगायचं तर ती ऐकत होती असंच त्याला वाटायचं.

*

थंडी पडल्यावर हीखो आला. शिडी चढताना त्याला दम लागला. तोलेने त्याला भाताची दारू दिली, ती त्याने घेतली आणि थोडी तळाच्या बांबूंमधून खाली सांडली, पितरांसाठी. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग तो म्हणाला, "तू तिला बोलावलंस. ऐकलं मी."

"चुकून गेलं तोंडून, आजा."

"चुकून नाही गेलं."

तोले म्हणाला की घर उतरवलं तर गावाचं एक घर कमी होईल, मुखियाने सांगितलंय, वनरक्षक साहेबाने सांगितलंय.

"गावाची काळजी मुखिया करील. तू त्याच्या काळजीआड लपू नको." हीखोने पेला खाली ठेवला. "माझी गेली तेव्हा मी सकाळपासून घर उतरवलं. स्वतःच्या हाताने. आणि संध्याकाळी जेवायला तिथंच गेलो. चढायला शिडी नव्हती. खाली उभा राहिलो येड्यासारखा, वर बघत. लोकं म्हणाली, आजा, काय बघताय? काय सांगणार."

तो हसला आणि खोकला. मग त्याने सांगितलं की छप्पर, भिंती, शिडी कुणीही काढलं तरी चालतं, पण चुलीचे तीन दगड नवऱ्यानेच उचलायचे, रानात न्यायचे आणि पालथे टाकून द्यायचे. चूल आहे तोवर घर आहे. पट्टी काढून मेलेल्या बाईला फसवता येत नाही, ती आयुष्यभर ह्या घरात वावरलीय, तिला कळतं.

तोलेने त्याला शिडीवरून हात धरून उतरवलं.

चार-सहा दिवसांनी पोवा आली. तिचं घर उतारावर खालीच होतं. ती आली की आधी पाण्याच्या तुंब्या बघायची, मग बापाकडे. त्या दिवशी तिने तुंब्या पाहिल्या नाहीत.

"बाबा, आई दिसते मला," ती म्हणाली. "स्वप्नात. रोज नाही, पण दिसते. शिडीवर बसलेली असते, घराकडे पाठ करून. पाय चिखलाने भरलेले."

"काय म्हणते?"

"मी म्हटलं, आई, आत ये. तर म्हणते, आत माझी जागा नाही. मग म्हटलं, जा ना मग. तर म्हणते, निघाले की तुझा बाप हाक मारतो."

तोले उठला आणि चुलीत एक लाकूड सारलं, गरज नसताना. मग तो पुन्हा साहेबाचं सांगायला लागला. जागा लिहून देतील, रोपं लावतील, एकदा घर गेलं की गेलं.

"साहेबाने तुम्हाला रोज संध्याकाळी आईशी बोलायला सांगितलंय का?" पोवा म्हणाली. "सगळा उतार ऐकतो, बाबा. बांबूच्या भिंती आहेत." तिचा आवाज चढला होता, तो तिने खाली आणला. "मलाही ती हवीय. पण अशी शिडीवर बसलेली नको."

ती गेल्यावर तोले शिडीच्या वरच्या पायरीशी आला आणि तिथेच उभा राहिला. शिडी रोजच्यासारखी होती. खालच्या पायरीला कोंबड्यांनी घाण केली होती. एवढ्या दिवसांत त्याने नोमूला काय काय सांगितलं आणि एकदाही विचारलं नाही की तुला कसं वाटतंय, हे तेव्हा त्याच्या लक्षात आलं. ती असतानाही त्याने फारसं विचारलं नव्हतं. तो पुढे चालायचा, ती मागून यायची.

त्या संध्याकाळी तो बोलला नाही. फार जड गेलं. दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं.

दुसऱ्या दिवशी तो चीदूकडे गेला आणि म्हणाला, "कोयता आण. घर उतरवू."

"मुखिया चिडेल, दाजी."

"चिडू दे."

"पोवाकडे राहायला गेलात तर जावई तुमचं घोरणं ऐकून पळून जाईल."

"तुझी बहीण पळाली का?"

"तिला एका कानाने कमी यायचं. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

मग चीदूने तोंड फिरवलं आणि कोयता शोधायला आत गेला. तो बराच वेळ बाहेर आला नाही.

अर्धं गाव आलं. मुखियाही आला. आधी लांब उभा राहिला, मग अंगातलं जाकीट काढून कामाला लागला. छपराचं गवत खाली आलं आणि त्याबरोबर धुळीचा, धुराचा, सुकलेल्या मिरच्यांचा वास आला. बायांनी शिंकत शिंकत नोमूला दोन शिव्या घातल्या, की बाई, किती मिरच्या टांगून ठेवल्यास. भिंती सुटल्या. तळाचे बांबू सुटले. तिच्या मागाच्या काठ्या पोवाने पुरचुंडी बांधून आईकडे जायच्या सामानात ठेवल्या. शिडी चीदूने उलटी करून रानात नेली, म्हणजे तिकडे ती सुलटी होईल.

ताऊन दुपारी आला. कुणी त्याला अडवलं नाही आणि त्यानेही कुणाला अडवलं नाही. तो दाराच्या खांबाशी गेला, पत्र्याचा आकडा उचकटून आपल्या पिशवीत घातला आणि थोडा वेळ टोपी हातात घेऊन उभा राहिला. पोवाने त्याला भात वाढला. तो जेवला, आणि जाताना खालच्या आवाजात म्हणाला की पाऊस लागला की माणसं येतील खुंट्या मारायला.

खांब उपटले तेव्हा त्यांच्या भोकांतून गार ओली माती वर आली. उतार अचानक मोठा दिसायला लागला. पलीकडचं रान, जे इतकी वर्षं घरामागे होतं, ते आता समोर आलं होतं.

शेवटी चूल राहिली. मातीची चौकट, तिच्यात राख आणि राखेत तीन काळे दगड. सगळे बाजूला झाले. हीखोने मान हलवून खूण केली. तोले वाकला आणि त्याने एका दगडाला हात लावला. दगड अजून कोमट होता. सकाळी त्यानेच त्यावर शेवटचा भात शिजवला होता. तो तसाच वाकलेला राहिला. लोक वाट बघत होते, मग बघेनासे झाले, आणि एकेक जण खाली गेला.

"उद्या नेतो, आजा," तोले म्हणाला.

हीखो काठी टेकत खाली गेला.

त्या गोष्टीला आता दोन पावसाळे झाले. तोले पोवाच्या घरी राहतो, जावई अजून पळालेला नाही. स्वप्नात आई आता शिडीवर नसते, ओढ्यापलीकडे उभी असते, पाठमोरी, असं पोवा सांगते. घराच्या जागेभोवती खुंट्या मारल्या आहेत आणि आत रोपं लागली आहेत, त्यातली काही तोलेच्या गुडघ्याला आली. मधे थोडी जागा लावणाऱ्यांनी मोकळी सोडली. चुलीचे तीन दगड तिथेच आहेत. तोलेने ते अजून उचललेले नाहीत.